‘to’ म्हणजे काही सांडत नाही

२ सप्टेंबर, सोमवार
सकाळ भांडणात गेली. कुठल्यातरी थंड देशातल्या पोरानं आमच्या ‘माप’ या प्रोग्रामिंग लायब्ररीसाठी नवं फंक्शन पाठवलं. मजकूर घ्यायचा आणि त्याचा आकडा करून द्यायचा. नाव ठेवलंय toNumber. मजकुरात आकड्याऐवजी ‘अबक’ आलं तर? फुटणार. मग to कसं? परत पाठवलं. tryNumber कर, मग घेतो. त्याचं उत्तर, फक्त नावासाठी? होय बाबा, फक्त नावासाठी.

महावीर, माझा भागीदार, पलीकडच्या टेबलावरून हसत होता. म्हणाला, “बश्या, तू नावांचा हवालदार हाईस.”

असेन. आमची लायब्ररी जगभर लोक फुकट वापरतात, आणि तिच्या पहिल्या पानावर मी आणि म.नं मिळून लिहिलेल्या चार ओळी आहेत. to, म्हणजे सगळं पलीकडं जातं, काही सांडत नाही. from, तेच उलट. try, जमेल किंवा जमणार नाही. cut, काहीतरी कापलं जाईल, डोळे उघडे ठेवा. आमच्या हास्केल भाषेत किलोच्या जागी टन घातला की कंपायलर, म्हणजे कोड तपासून घेणारा, दारातूनच हाकलतो, त्यामुळे एकातून दुसऱ्यात न्यायला अशी फंक्शनं ढिगानं लागतात. प्रत्येकाच्या आत कोण डोकावणार? नाव वाचून कळलं पाहिजे. एवढाच माझा हट्ट.

दुपारी शिरोलीच्या फाउंड्रीतून फोन. पुण्याच्या गिऱ्हाइकानं अख्खा लॉट परत पाठवलाय. ब्रॅकेट म्हणे बोल्ट आवळतानाच तडकतात. तिथल्या लॅबमध्ये आमचाच प्रोग्राम चालतो, ‘माप’वर बांधलेला. मॅनेजर म.ला म्हणाला, तुमचं काही नाही, सहज कळवलं. सहज कोण कळवतं?

३ सप्टें., मंगळ
शिरोलीला जाऊन आलो. म.ला दुसरं काम होतं.

लॅब वैशालीच्या ताब्यात. गारगोटीची, केमिस्ट्रीची पदवीधर, एमआयडीसीत खोली घेऊन राहते. प्रत्येक हीटच्या, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या लोखंडाच्या, रिपोर्टवर ‘तपासले’च्या खाली तिची सही. आज ती खुर्चीत नव्हती, स्टुलावर बसली होती. खुर्चीत मॅनेजर.

गोष्ट अशी. वितळलेल्या लोखंडात चिमूटभर मॅग्नेशियम घालतात, त्यानं ते चिवट होतं. कमी पडलं की ठिसूळ. निदान ०.०३५ टक्के पाहिजे. पुण्याच्या लोकांनी तुटके तुकडे तपासले तर कुठं ०.०३१, कुठं ०.०३२. आणि आमच्या स्क्रीनवर त्या सगळ्या हीट हिरव्या. खाली वैशालीची सही.

मॅनेजर म्हणाला, “स्क्रीन हिरवी करंल, तुला डोळं न्हाईत?”

वै. मला बाहेर पाणी द्यायला आली तेव्हा बोलली. “सर, स्क्रीनवर दोनच आकडे दिसतात. शून्य पॉइंट शून्य तीन. लिमिटपण शून्य तीनच दिसती. मी पैल्या आठवड्यातच महावीर सरांना फोन लावलेला की. म्हटलं, तिसरा आकडा कुठं गेला ओ? तर म्हणाले, दिसायला दोन, आत समदं पूर्ण हाय, हिरवं आलं की बिनधास्त सही कर.”

आत पूर्ण आहेच. असणारच. तिला तसं सांगूनही आलो.

४ सप्टें.
आत पूर्ण नाही.

सकाळी toPercent उघडलं. किती वर्षांत पहिल्यांदा, कोण जाणे. तीन ओळी आहेत. लॅबच्या मशीनकडून येणारा आकडा टक्क्याच्या हजारांशात असतो, त्याला दहानं भागायचं, बाकी फेकून द्यायची. पूर्णांकांचा भागाकार. ३५चे झाले ३. ३१चेही ३. लिमिट ३, वाचन ३. हिरवं.

परत परत वाचलं.

हे म.नं पहिल्या वर्षी लिहिलेलं, कार्बन आणि सिलिकॉनसाठी. तिथं टक्क्याचा शंभरावा भाग पुरतो, हजारावा कोणी विचारत नाही. तेव्हा नाव काहीतरी वेगळंच होतं. मग आम्ही चार ओळींचा नियम केला आणि जुनी नावं बदलायची ठरली. मी आईच्या, अव्वाच्या, डोळ्याच्या ऑपरेशनला मिरजेत होतो. म.नं एका कमांडमध्ये सगळी बदलली. जे जे एकातून दुसऱ्यात नेतं त्याच्यापुढं to. हे खरं cut होतं, पण त्या ढिगात गेलं.

त्यानंतर ते कोणीच उघडलं नाही. का उघडेल? to होतं. फाउंड्रीनं या वर्षी मॅग्नेशियमचं काम सुरू केलं तेव्हा म.नं तेच फंक्शन जोडलं, तेही न उघडता, आणि वैशालीला फोनवर जे सांगितलं ते फंक्शनचं नाव वाचून सांगितलं. नियम नसता तर निदान शंका येऊन त्यानं बघितलं तरी असतं.

हा विचार दिवसभर गेला नाही. जेवण अर्धं टाकलं.

५ सप्टें., गुरुवार
म.ला दाखवलं. त्यानं तिन्ही ओळी वाचल्या. मग उठून खिडकीपाशी गेला. खाली राजारामपुरीच्या रस्त्यावर मंडळाची पोरं मांडवाचे बांबू उतरवत होती, आरडाओरडा चाललेला.

मग म्हणाला, “आत दुरुस्त करू. नाव तेच ठेवू. लहान आवृत्ती काढू, ‘किरकोळ सुधारणा’.”

मी म्हटलं, नाही. नाव काढून टाकायचं. toPercent नावाचं काही उरता कामा नये. जुनं cutPercent होईल, नवं पूर्ण आकडा देणारं वेगळ्या नावानं येईल. म्हणजे ज्याच्या ज्याच्या कोडमध्ये ते आहे त्याचं कंपाइल होणं थांबेल. त्याला थांबून बघावंच लागेल. आत गुपचूप बदललं तर कुणाला कळणारच नाही की आजवर आपले आकडे कापले जात होते.

“आनि सगळे विचारतील, का काढलं?”

“विचारू देत.”

“शिरोलीवालेबी विचारतील.”

“त्यांनी तर विचारलंच पाहिजे. त्या पोरीवर घातलंय सगळं.”

तेव्हा तो एकदम वळला. “मी खोटं बोललो न्हाय बश्या तिला.”

“मला ठाऊक आहे.”

“मग मला खोटारडा का ठरवालायस?”

तो खोटं बोलला नाही. त्यानं सांगितलेलं खरं नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला पटतं, पण वै.ला त्याचा काय उपयोग?

शिरोलीचं काम गेलं तर ऑफिसातल्या दोघा पोरांना काय सांगायचं, असंही तो म्हणाला. खरं आहे. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून उठून गेला. डबा इथंच विसरला.

७ सप्टें., शनिवार
घरी गणपती बसला. आरतीत माझं लक्ष नव्हतं हे बायकोनं, सुमानं, बघितलं. ती पेठ वडगावला कॉलेजात शिकवते, समोरच्याचं लक्ष कुठं आहे हे तिला पाठमोरं असूनही कळतं.

सांगितलं. म्हणाली, मला तुमचं ते टू-फ्रॉम कळत नाही, नीट सांग. म्हटलं, समज तांब्याभर दूध आहे. वाटीत ओतलं. वाटी भरली, उरलेलं सांडलं. आणि वाटीवर चिठ्ठी लावली, ‘तांब्याभर’. पुढचा माणूस चिठ्ठी वाचतो आणि खीर करायला घेतो.

“चिठ्ठी कुणी लावली?”

“महावीरनं. चुकून.”

“आणि चिठ्ठी वाचायचीच, दूध बघायचं नाही, हे कुणी शिकवलं?”

मी उठलो. मोदक वाढायला घेतले.

मॅनेजरचा मेसेज आला. वै.ला ‘चौकशी होईतोवर’ घरी बसवलंय. गारगोटीला गेली.

८ सप्टें., रवि
म.चं दशलक्षण, जैनांचं व्रताचं पर्व, सुरू झालं. दहा दिवस एक वेळ जेवण, शेवटी शेवटी निर्जळी. मंदिरात जास्त, ऑफिसात कमी. आज फोनवर आवाज अगदी शांत. “दहा दिवस थांब. मग दोघं मिळून ठरवू. व्रतात मला ह्या भानगडीत पडायचं न्हाय.”

उपवासाच्या माणसाशी भांडता येत नाही. हो म्हणालो. फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. दहा दिवस त्यानं मागितले, पण देणारा मी कोण? ते दिवस वैशालीचे जाताहेत.

१० सप्टें.
कामात डोकं घातलं. प्रत्येक to-फंक्शनची कॉम्प्युटरकडून परीक्षा घ्यायची. to नं पलीकडं जायचं, from नं परत यायचं, निघालो तिथंच पोचलो तर पास. हजारो आकडे टाकून बघायचं. जोड्या असलेली सगळी पास झाली. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

पण toPercent ला from नव्हतंच. एकटंच होतं. म्हणून कुठल्याच परीक्षेत सापडलं नाही. आणि असं एकटं ते काही एकच नाही, जोडी नसलेली अजून बरीच आहेत. ती डोळ्यांनीच बघावी लागतील. ओळ न् ओळ.

अव्वा म्हणाली, “तम्मा, गौरी आल्यात घरात, तोंड जरा बरं कर.”

११ सप्टें., बुध
एसटीनं गारगोटीला गेलो. म.ला सांगितलं नाही.

वै.च्या वडलांचं बाजारपेठेत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मी दारात उभा राहिल्यावर, “या पावणं, बसा. कुठनं आलाय?” नाव-गाव कळलं तसे हातातलं मशीन परत उघडून बसले.

वै. चहा घेऊन आली. तिला सगळं सांगितलं. कुठलं फंक्शन, कुठं कापलं गेलं, कुणी काय न बघता जोडलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद येईल अशी माझी कुठंतरी अपेक्षा होती बहुतेक. आला नाही.

म्हणाली, “म्हंजे माझं चुकलं न्हाय.”

“नाही.”

“हे मला सांगून काय उपेग ओ सर? मला तर ठाऊकच हाय. तिथं सांगा की.”

वडील मशीनमधून मान वर न करता म्हणाले, “मॅनेजर म्हनालाय, चूक कबूल म्हनून लिहून दे, मग परत घेतो, पन लॅबमधी न्हाय, स्टोअरला. मी हिला म्हनलोय, दे लिहून. नोकरी तर ऱ्हाईल.”

“मी देनार न्हाय,” वै.

“मग बस इथं बॉबिन मोजत.”

दोघंही माझ्याकडं बघत नव्हते. मी म्हटलं, थोडे दिवस लिहून देऊ नका. थोडे म्हणजे किती, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण दुसऱ्याच्या उपवासाचा हिशोब तिला कसा सांगायचा?

येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलो. शरम वाटत होती. नुसती शरम.

१३ सप्टें.
म. अर्धा तास आला. ओठ सुकलेले. त्यानं मधला मार्ग काढलाय. नाव ठेवायचं, पण त्याच्यावर ‘जुने झाले, वापरू नये’ अशी सूचना चिकटवायची. कंपाइल करताना पिवळी ओळ दिसेल. थांबणार कुणाचंच काही नाही.

पिवळ्या ओळी कोण वाचतं? आमचाच प्रोग्राम बांधताना, बिल्डमध्ये, पानभर असतात.

तरी सूचनेचा मजकूर लिहून बघितला. ‘या फंक्शनऐवजी नवे वापरा.’ का ते नाही. ‘अचूकतेच्या कारणास्तव बदल.’ सरकारी पाटीसारखं. ‘हे फंक्शन शेवटचा आकडा टाकून देते आणि त्याच्या नावाने तसे सांगितले नाही.’ हे म.नं वाचलं, खोडलं नाही, पण म्हणाला, “नावानं न्हाय सांगितलं म्हणतोस. नाव काय आपोआप बोलतंय व्हय? म्हणजे मीच की.”

त्याचं दुखतंय. बघवत नाही. शाळेपासूनचा मित्र. माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा हाच गडहिंग्लजपर्यंत माझ्याबरोबर पोरी बघायला हिंडला. माझ्या हट्टाचा नियम त्यानं माझ्याइतकाच मनापासून पाळला, माझ्यावर विश्वास म्हणून. आणि तोच त्याच्यावर उलटला.

काहीच बाहेर काढलं नाही आज.

१६ सप्टें., सोमवार
वै.चा फोन. मॅनेजरनं निरोप पाठवलाय, बुधवारपर्यंत लिहून दे, नाहीतर येऊ नको.

“मी तुमास्नी भीक मागत न्हाय सर. फकस्त इचारते. तुमी येनार हाय का न्हाय?”

येणार म्हटलं.

१७ सप्टें., अनंत चतुर्दशी
विसर्जनाला अव्वा-सुमाबरोबर गेलो नाही. बाहेर ढोलानं खिडक्या थरथरत होत्या, बरंच झालं, डोक्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

toPercent काढलं. जुन्याला cutPercent नाव दिलं. पूर्ण आकडा देणारं नवं लिहिलं, त्याची जोडीही लिहिली. मोठी आवृत्ती काढली. टिपणात सरळ लिहिलं: हे फंक्शन to या नावाखाली आकडे कापत होते, ज्यांनी वापरले त्यांनी आपले जुने निकाल पुन्हा तपासावेत. म.चं नाव नाही, माझंही नाही. ‘आमच्याकडून.’

म.ला विचारलं नाही. तो मंदिरात होता, आज शेवटचा उपवास, पाणीही नाही. विचारलं असतं तर तो उद्या म्हणाला असता, आणि उद्या बुधवार.

पाठवून दिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. मित्राच्या पाठीमागं त्याच्या घराची भिंत पाडल्यासारखं झालं.

१८ सप्टें., बुधवार
आज क्षमावाणी. सकाळी उठलो तर म.चा मेसेज. दरवर्षीचाच. हात जोडलेलं चित्र, खाली ‘वर्षभरात कळत-नकळत मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा.’ यादीतल्या सगळ्यांना एकदम जातो.

थोड्या वेळानं वै.नं तोच मेसेज मला पुढं पाठवला. तिचा नंबर म.च्या यादीत आहे. खाली एवढंच लिहिलेलं, ‘ह्यात मी कुठं हाय?’

शिरोलीला एकटाच गेलो. मालकांच्या केबिनमध्ये मालक, मॅनेजर, वै. आणि तिचे वडील. वडलांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. टेबलावर कोरा कागद ठेवलाच होता. मी बसायच्या आत बोलून टाकलं. आमच्या लायब्ररीत चूक आहे, तिसरा आकडा आम्ही फेकत होतो, लिमिटचाही, म्हणून हिरवं येत होतं. हिनं सुरुवातीलाच विचारलं होतं, आणि सगळं पूर्ण आहे असं आम्हीच तिला सांगितलं.

मालक म्हणाले, “म्हंजे तुमचं चुकलं.”

“होय.”

“न्हाय, सरळ बोलला ते बरं केलासा. लॉटचं काय करायचं ते मागनं बघू, तुमास्नी काय सुटका न्हाय त्यातनं.” मग मॅनेजरकडं बघून, “पोरीला घे परत. लॅबलाच.”

मॅनेजर पुटपुटला, तरी बघायला पाहिजे होतं हिनं.

वै. माझ्याकडं वळली. “आमीच म्हंजे कोन?”

मी कोरा कागद बाजूला सारला.

“तुमी न्हाय सांगितलं मला. महावीर सरांनी सांगितलं. ते का आले न्हाईत?”

मी म्हटलं, मी दोघांच्या वतीनं आलोय. ती म्हणाली, “तसं येता येत न्हाय.” आणि वडलांना घेऊन बाहेर गेली. कोरा कागद टेबलावरच राहिला, मालकांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

ऑफिसात परतलो तर म. बसलेला. नवी आवृत्ती स्क्रीनवर उघडलेली. मी म्हटलं, सांगून आलो सगळं. ‘आम्ही’ एवढंच म्हटलं, तुझं नाव नाही घेतलं.

म्हणाला, “घ्यायचंस की. निदान मला कळलं असतं मी कुठं हाय.” मग स्क्रीन बंद केली. निघताना, “मी तुला दहा दिवस मागितलेले, बश्या. एवढंच मागितलेलं.”

मी थांबवलं नाही. मला त्याला सांगायचं होतं की तुझ्यावर माझा राग नाही. तोंडातून निघालं, “चार्जर राहिला तुझा.” नेला नाही.

२० सप्टें.
म. आला नाही. फोन वाजतो, उचलत नाही. त्याच्या घरी गेलो तर वहिनी म्हणाल्या, सांगलीला बहिणीकडं गेलेत, तुमास्नी न्हाय सांगितलं? आमच्यात काय झालं ते त्यांनाही ठाऊक नाही. मी उभ्या उभ्या पाणी पिऊन आलो.

इकडं जगभरातून मेल. बिल्ड तुटला, का तोडला, एका नावासाठी? दोघा-तिघांनी मात्र जुने निकाल तपासले आणि त्यांनाही कापलेलं सापडलं. एक बाई लिहितात, आम्ही पाण्याच्या तपासणीला वापरत होतो, आता सगळं परत बघतोय, कळवल्याबद्दल आभार.

tryNumber वाल्या पोराचाही मेल. ‘आता समजलं तुम्ही माझं का परत पाठवलं.’ काय समजलं त्याला? मलाच धड समजलेलं नाही. नाव कडक ठेवलं म्हणून विश्वास बसला, विश्वास बसला म्हणून कोणी उघडलं नाही. आता काय, नावं ढिली ठेवायची?

एकटी to-फंक्शनं डोळ्यांनी वाचतोय. निम्म्याच्या वर झाली. अजून तसं दुसरं सापडलेलं नाही. ‘अजून’ हा शब्द आवडत नाही मला.

२३ सप्टें., सोमवार
शिरोली. लॅबमध्ये नवी आवृत्ती बसवली. आता तीन आकडे दिसतात, लिमिटलाही तीन. जुन्या हीटचे आकडे घालून बघितले, लाल आल्या. जशा यायला पाहिजे होत्या तशा. मी समाधानानं वै.कडं बघितलं. ती हात बांधून उभी.

दुपारी पहिली हीट. लॅडलमधून, वितळलेल्या लोखंडाच्या मोठ्या बादलीतून, नमुना आला, मशीनवर ठेवला. मॅग्नेशियम ०.०३८. बाकी सगळं लिमिटमध्ये. हिरवं.

वै.नं रिपोर्ट पुढं ओढला. पेन उघडलं. आणि थांबली.

“बाकीचे आकडे? सल्फर, मॅंगनीज? त्येबी असल्याच कुठल्या फंक्शनातनं येतात न्हवं?”

“होय.”

“ती समदी उघडून बघितलीसा?”

सरळ प्रश्न होता. म्हटलं, बरीच बघितली. सगळी नाही. थोडी राहिलीत.

काचेतून दिसत होतं, क्रेनला लॅडल लोंबतेय, खाली माणसं टोप्या मागं सारून वर बघत उभी. मॅग्नेशियम घातलेलं लोखंड थांबत नाही. उशीर झाला की मॅग्नेशियम उडून जातं, मग चांगली हीटही वाया. खालून कोणीतरी ओरडलं, “ओ लॅब! वतायचं का न्हाय?”

मॅनेजर दारात आला. “कर की सही. हिरवं हाय.”

तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. पेन माझ्याकडं केलं. “तुमी करा. तपासले म्हनून. त्याखाली मी करते.”

मॅनेजर म्हणाला, बाहेरच्या माणसाची सही कशी चालंल? ती म्हणाली, “मग हीट थांबवा.”

मला वाटलं, ही सूड घेतेय. तिच्या तोंडाकडं बघितलं. नव्हती घेत. घाबरली होती. आता हिरवं बघून तिचा हात पुढं होत नाही, आणि तो आम्ही बांधलाय.

मी उरलेली नावं डोक्यात फिरवू लागलो. कुठलं बघितलं, कुठलं नाही, सल्फरचं कुठल्यातून येतं. आठवेना. खालून परत हाक आली. लॅडलवरचा उजेड जरा कमी झाल्यासारखा वाटला, किंवा मलाच तसं वाटलं.

सही केली. नाव वेडंवाकडं आलं. तिनं खाली तिची केली, काच सरकवली आणि खाली ओरडली, “वता!”

ओतलं.

मी बॅग उचलली तेव्हा म्हणाली, “ह्याच कास्टिंगचा तुकडा उद्या सकाळी मायक्रोस्कोपखाली बघायचा. तवर मला जेवण जात न्हाय सर. सांगून ठेवते.”

घरी आल्याबरोबर म.ला मेसेज केला. ‘आज सही केली. राहिलेल्यातली जुनी तुझ्या हातची आहेत, तुला लवकर कळतील. माझ्याबरोबर बघशील का?’ दोन निळ्या रेघा आल्या. वाचलंय. उत्तर नाही.

सल्फरचं फंक्शन सापडलं. चार ओळी आहेत. दोनदा वाचल्या, बरोबर वाटतात. तिसऱ्यांदा वाचायला घेतलंय. अव्वा जेवायला बोलावून गेली, म्हटलं तुम्ही घ्या.